दहा इंचांवरची लेक

आमच्या चिरंजीवांना एक वाईट खोड आहे. तो माझं वय माझ्यादेखत परक्यांना सांगतो. चपलांच्या दुकानात गेलो, की दुकानदार माझ्या पायांकडे बघायच्या आत याचं सुरू, "आईचं आता वय झालं, जरा पट्ट्याची दाखवा." चष्मेवाल्याकडे तेच. बँकेच्या खिडकीवर तेच. तिथे तर कुणी विचारलंही नव्हतं. आणि सांगताना आवाज असा खाली आणतो, जणू मी आतल्या खोलीत शेवटच्या घटका मोजते आहे. बरं, सांगायचंच तर खरं तरी सांगावं. मला सत्तर व्हायला अजून सात महिने आहेत. हा बिनदिक्कत सत्तर सांगून मोकळा होतो. सात महिने काय वाटेवर पडलेत?

हे मी आमच्या ह्यांच्या कानावर घातलं. हे म्हणाले, "हो का?" ह्यांनी पस्तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या टेबलावर काढली. लोक येऊन सांगायचे, तीन दिवस नळाला थेंब नाही. हे म्हणायचे, "हो का?" आणि लोक थोडे शांत होऊन घरी जायचे. नोकरी संपली तेव्हा कचेरीने ह्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते वर्षभरात बंद पडलं. "हो का?" अजून चालू आहे.

मी स्वतः चौथीपर्यंत शिकले. पुढे शिकले असते तर काय झालं असतं माहीत नाही, पण घरातल्या पदवीधरांकडे बघून फारशी हळहळ वाटत नाही. तीस वर्षं मी छत्र्या शिवल्या. कापड माझं, काड्या कारखान्याच्या. माझ्या हातची छत्री उलटी झाली असेल, पण शिवणीत कधी उसवली नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे ते कामाला येणार आहे.

तर या खोडीने या वेळी हद्दच केली.

माझी धाकटी लेक पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाच्या शहरात असते. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि आता कुठे तिला दिवस गेलेत. जावई मालवाहू बोटीवर इंजिनिअर. बोट परत यायला अजून अडीच महिने, आणि बाळाला यायला एक. बाळ काही बोटीसाठी थांबणार नव्हतं. लेक रोज सकाळी आठला फोन करते, तेव्हा तिच्याकडे आदल्या रात्रीचे अकरा वाजलेले असतात. त्या दिवशी ती म्हणाली, "आई, तू नाही आलीस तरी चालेल गं. इथे सगळी सोय आहे." आणि फोन ठेवला नाही. मग म्हणाली, दवाखाना जवळच आहे. तरी ठेवला नाही. मग तिने विचारलं, नवीन दुपटी धुऊन वापरायची की तशीच. तरीही ठेवला नाही. चालेल म्हणून फोन न ठेवणाऱ्या मुलीला काय चालत नाही, ते आईला कळतं. त्याला चौथीसुद्धा लागत नाही.

मी फोन ठेवला आणि जाहीर केलं, "मी जाते."

"कशी जाशील?" चिरंजीव म्हणाले. "पाच महिन्यांपूर्वी गुडघ्याची वाटी बदलली आहे तुझी. डॉक्टर काय म्हणालेत? चौदा तासांच्या वर सलग प्रवास नको. आणि तुझं आता वय..."

"वय राहू दे. चौदा तासांचं बोल."

"दोन महिन्यांनी मला रजा मिळते. मी स्वतः घेऊन जातो ना तुला. एकटीने नाही जायचं."

"दोन महिन्यांनी काय बाळाला ऑफिसात सोडायला जाऊ?"

सूनबाई स्वयंपाकघरात हसली. भांड्यांच्या आवाजात हसण्याची तिची पद्धत आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिरंजीव खालच्या मजल्यावरच्या भूगोल मास्तरांना घेऊन वर आले. मास्तर निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण कुठे जाताना नकाशाची गुंडाळी अजून काखेत असते. त्यांनी भिंतीवरचं ते बंद घड्याळ उतरवून त्याच खिळ्याला नकाशा टांगला, खिशातून फुटपट्टी काढली, आपल्या शहरावर एक टोक ठेवलं, लेकीच्या शहरावर दुसरं, आणि कागदावर आकडेमोड करून निकाल दिला, "पंधरा हजार किलोमीटर. विमान ताशी नऊशेने जातं. सोळा तास चाळीस मिनिटं. चढणं-उतरणं धरून सतरा."

"सतरा!" चिरंजीव म्हणाले. तोंड दुःखी, पण डोळे अगदी निवांत. "डॉक्टर तर चौदा म्हणालेत. आता काय करायचं?"

"हो का?" हे म्हणाले.

मी उठून नकाशाजवळ गेले. नकाशात वरच्या अंगाला एक बर्फाचं बेट होतं, अंथरूण घातल्यासारखं ऐसपैस पसरलेलं. मी विचारलं, "मास्तर, हे बेट खरंच एवढं मोठं आहे?"

"छे हो वहिनी. प्रत्यक्षात बरंच लहान. नकाशात वरचा भाग ताणला जातो."

"का ताणला जातो?"

"पृथ्वी गोल, कागद सपाट. बसवायचा तर ताणावा लागतो."

इथे मास्तर माझ्या धंद्यात आले. मी म्हटलं, "मास्तर, सपाट कापड गोल वस्तूवर बसवायचं असेल तर तिकोनी कळ्या कापाव्या लागतात. छत्रीला आठ कळ्या. पृथ्वी म्हणजे दोन छत्र्या तोंडाला तोंड लावून. तुमच्या नकाशावाल्याने एकही कळी न कापता सगळं कापड ओढून बसवलंय. असली छत्री कुणी माझ्यासमोर आणली असती, तर मी ती उसवून त्याच्या हातात परत दिली असती. आणि तुम्ही यावर फुटपट्टी लावून माझी लेक किती लांब आहे ते मला सांगताय?"

मी ह्यांना खाली पाठवलं. मास्तरांच्या कपाटावर पृथ्वीचा गोल आहे, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षातून एकदा तो पुसायला खाली काढतात तेव्हा जिन्यात शिंका ऐकू येतात. गोल आला. मी शिवणाच्या डब्यातला टेप काढून त्याच्या पोटाला लावला. छत्तीस इंच. आमच्या सूनबाईपेक्षा चार इंच कमी, पण ते असो. मग काळा दोरा घेतला, एक टोक आपल्या शहरावर बोटाने दाबलं, दुसरं लेकीच्या शहरावर, आणि दोरा ताणला. मी तो आडवा धरला होता. ताणल्याबरोबर तो आपणहून वर सरकला, पार बर्फाच्या अंगाने गेला आणि तिथे घट्ट बसला. छत्रीवर दोरा ताणला की तो असाच आपली जवळची वाट शोधतो. त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

दोरा कापून मोजला. दहा इंच.

"आता करा हिशेब," मी म्हटलं.

मास्तर प्रामाणिक माणूस. त्यांनी केला. छत्तीस इंचांचे चाळीस हजार किलोमीटर, तर दहा इंचांचे अकरा हजार शंभर. भागिले नऊशे. बारा तास वीस मिनिटं, चढण्या-उतरण्यासकट तेरा. "वहिनी," ते हळूच म्हणाले, "विमानं अशीच वरच्या अंगाने जातात. मी वर्गात शिकवायचो."

"मग आज का नाही आठवलं?"

"यांनी नकाशा घेऊन या म्हणून सांगितलं होतं. गोल आणा म्हणाले नव्हते."

सगळ्यांनी चिरंजीवांकडे बघितलं. चिरंजीवांनी खिळ्याकडे बघितलं. मी तो दोरा बोटाला गुंडाळून पाकिटात ठेवला. दहा इंच. माझ्या वितीएवढी. त्याहून थोडी जास्त. एवढीशी लांब होती माझी लेक, आणि हे लोक तिला भिंतभर करून बसले होते.

तेरा हा आकडा चौदाच्या आत होता. तरी चिरंजीव म्हणाले, "दोऱ्याने मोजून विमान थोडंच चालतं? कंपनीत जाऊन विचारू." जाऊया म्हटलं. हे, मी आणि लक्ष ठेवायला चिरंजीव, असे तिघं विमान कंपनीच्या ऑफिसात गेलो. नंबराची चिठ्ठी घेऊन दीड तास बसलो. तो वेळ मी वाया घालवला नाही. तिथे शोभेला एक विमानातली खुर्ची मांडून ठेवली आहे. ती मी टेपने मोजून घेतली. बसायला सतरा इंच. पहारेकरी म्हणाला, "बाई, हात लावायचा नाही." मी म्हटलं, "हात नाही, टेप लावतेय."

खिडकीतल्या मुलीने संगणकात बघून सांगितलं, "तेरा तास पाच मिनिटं."

पाच मिनिटं! मी पाकिटातल्या दोऱ्यावर मनातल्या मनात डोळे वटारले. पण चिरंजीवांकडे बघून जे हसायचं ते हसून घेतलं. माझं हसणं संपायच्या आत त्या मुलीने विचारलं, "सहा महिन्यांत काही ऑपरेशन?" आणि मी उत्तर द्यायच्या आत मागून खालच्या पट्टीत आवाज आला, "गुडघ्याचं. वय झालंय ना आईचं."

तिने लगेच एक फॉर्म सरकवला. त्यात डॉक्टरांनी सलग प्रवासाचे तास लिहून सही-शिक्का करायचा, आणि खाली रक्ताच्या नातेवाइकाने सही करायची. मी ह्यांना पुढे केलं. मुलगी म्हणाली, "नवरा चालत नाही. रक्ताचं नातं हवं." आता बघा. ज्यांनी अठ्ठेचाळीस वर्षं माझं रक्त आटवलं, ते रक्ताच्या नात्यात बसत नाहीत. उरलं कोण? चिरंजीव. तो फॉर्म घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवत म्हणाला, "आधी डॉक्टरांची होऊ दे, मग माझी बघू." त्या खिशात माझी लेक गेली असं मला वाटलं.

डॉक्टरांकडे त्या दिवशी गर्दी होती. फॉर्म भरला तो बाहेर बसणाऱ्या बाईंनी. त्यांनी वेळापत्रकाचा कागद बघितला: सुटणार सकाळी नऊला, पोचणार दुपारी एक वाजून पाचला. वरची पाच मिनिटं सोडून नवातून एकापर्यंत चार. त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं, चार तास. डॉक्टरांनी आत सही ठोकली. कुणी वाचलं नाही. मीही वाचलं नाही, कारण माझा चष्मा ह्यांच्या खिशात होता आणि हे लिफ्टमध्ये अडकले होते, पण ती वेगळी कथा.

परत खिडकी, परत चिठ्ठी, परत दीड तास. मुलगी म्हणाली, "यात डॉक्टरांनी चारच तासांची परवानगी दिली आहे. विमान तेरा तासांचं आहे."

"मग उरलेले नऊ तास?"

"उरलेले नऊ तास तुम्हाला विमानात बसता येणार नाही."

"बरं. मग मला उतरवणार कुठे?"

तिने खरंच विचार केला. आत जाऊन साहेबांना घेऊन आली. साहेबांनी फॉर्म उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "तसं नियमात दिलेलं नाही."

ही हकीकत घरी यायच्या आधी इमारतीत पोचली होती. समोरच्या घरातली बाई एकदा विमानात बसलेली आहे, त्यामुळे विमान हा विषय तिच्या मालकीचा. तिने येऊन वेळापत्रक मागून घेतलं आणि परतीची वेळही बघितली. "काकू! जाताना चार तास, येताना बावीस! दुपारी चारला सुटून दुसऱ्या दिवशी दोनला पोचतंय. मी सांगते, जाताना उतार लागत असणार."

"अगं, उतार कसला," मी म्हटलं. "माझे सकाळचे आठ वाजतात तेव्हा लेकीचे रात्रीचे अकरा असतात. तिचं घड्याळ नऊ तास मागे आहे. चारात ते नऊ मिळव. झाले तेरा. येताना बाविसातून नऊ काढ, पुन्हा तेराच. विमान तेच, वाट तीच. घड्याळं तेवढी दोन घरची."

ती "असं आहे होय" म्हणून गेली. जिन्यात मात्र तिने मास्तरांना उताराचीच गोष्ट सांगितली, हे मला मागाहून कळलं.

मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले आणि या वेळी थेट आत घुसले. डॉक्टर भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "मावशी, तेरा लिहायला माझी हरकत नाही. पण ऑपरेशननंतर तुम्ही एवढा वेळ सलग बसलाच नाहीत. घरी एकदा बसून बघा. दर दोन तासांनी पाच मिनिटं चालायचं, बाकी खुर्ची सोडायची नाही. पाय सुजला नाही तर लिहून देतो."

चिरंजीवांनी ते शब्द हवेतच झेलले. "मी शेजारी बसून लक्ष ठेवतो, डॉक्टर. आई, तू वेळेआधी एकदा जरी खुर्ची सोडलीस तरी माझी सही विसर."

"आणि नाही सोडली तर?"

"तर करीन."

"चारचौघांत?"

"चारचौघांत."

रविवार ठरला. कंपनीचं विमान नऊला सुटत असलं तरी आमचं सहाला सोडायचं ठरलं, म्हणजे दिवसाउजेडी पोचलो असतो. आदल्या दिवशी मी सगळी तयारी केली. जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या घेतल्या, दोन्हीच्या हातांमध्ये उशा शिवून बसायची जागा बरोबर सतरा इंच केली. समोर कपाट सरकवून गुडघ्यांपुरती जागा ठेवली. ह्यांचे दोन जुने कंबरपट्टे खुर्च्यांना दुहेरी टिपेने शिवून टाकले. शेवटी, रविवारी सकाळी पायाची पोटरी मोजली आणि आकडा भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवला: साडेतेरा इंच.

चिरंजीवांना खिडकीजवळची जागा हवी होती. लहानपणापासून त्याला खिडकीच लागते. आमच्या खोलीत त्या बाजूला भिंत आहे, पण हौस म्हणून तो भिंतीजवळ बसला. मी कडेला बसले, चालायला सोपं म्हणून. म्हणजे एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला आई, पुढे कपाट. मी त्याला सांगितलं होतं, तूही दोन तासांनी उठ. तो म्हणाला, "मला काय धाड भरलीय? गुडघा तुझा आहे."

सहाला सूनबाईने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं, "पट्टे बांधा," आणि आम्ही निघालो.

पहिले दोन तास झकास गेले. इस्त्रीचं टेबल आडवं घालून त्यावर चहा आला. बरोबर आठला मी उठून पाच मिनिटं चालले, परत बसले, तोच लेकीचा फोन.

"आई, काय करतेस?"

"विमानात आहे."

"काय!"

मग सगळं सांगितलं. ती अशी हसली, की गेले कित्येक दिवस मी ते हसणं ऐकलं नव्हतं. "दादा पण आहे? खिडकीशी?"

"हो, खिडकीशी."

"विचार त्याला काय दिसतंय."

"भिंत," चिरंजीव म्हणाले.

"आई," लेक म्हणाली, "खरंच येतेस ना गं?" या वेळी तिने 'चालेल' म्हटलं नाही. मी म्हटलं, "दहा इंचांवर आहेस तू. झोप आता." तिने फोन ठेवला. लगेच ठेवला.

नऊला नळवाला आला. आठ दिवस त्याला बोलावत होतो, तेव्हा आला नाही. भर आकाशात आला. त्याने मला पट्टा बांधून बसलेली बघितलं. "आजी, बरं नाही का?"

"मला काय झालंय? विमान चालू आहे म्हणून उठत नाही एवढंच. नळ आत आहे."

त्याने विचारायच्या नजरेने ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "हो का?" त्या दोन शब्दांनी त्या माणसाचा जो काही धीर होता तो संपला. त्याने आत जाऊन जुना नळ काढला आणि नवीन आणतो सांगून असा गेला, की जाताना हत्यारांची पिशवीही विसरला. भोकाला त्याने नुसती चिंधी कोंबली होती. अर्ध्या तासाने ती सुटली.

पाणी स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत आलं. "विमान समुद्रावर आलं," सूनबाई म्हणाली आणि परातीने उपसायला लागली. चिरंजीव माझ्याकडे बघत होते: आता उठते की मग उठते. मी पाय वर घेतले. "अहो," मी ह्यांना म्हटलं, "मोठा नळ बंद करा."

"तो कुठे आहे?"

पस्तीस वर्षं पाणीपुरवठ्यात! "जिन्याखाली, मीटरच्या मागे, लाल चाक. उजवीकडे फिरवा. तुमचं नव्हे, चाकाचं उजवं." पाणी थांबलं. मास्तर खालून विचारत वर आले, त्यांच्या छतातून थेंब पडायला लागले होते. वर आले ते बसलेच, मागच्या रांगेत. पाठोपाठ समोरची बाई. जेवणाला विमानात सहाजण होते.

दहाला, बाराला, दोनला मी मनगटावरचं घड्याळ बघून उठले, चालले, बसले. गुडघा कुरकुरला नाही असं नाही. पण शिलाईच्या यंत्रावर ज्या बाईने ऐन हंगामात दिवसाला चाळीस छत्र्या काढल्या, तिला बसणं म्हणजे काय हे खुर्चीने शिकवू नये. चिरंजीव मात्र एकदाही उठले नाहीत. जेवणानंतर त्यांनी मान भिंतीला टेकवली आणि कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे, असे वाळत घातलेल्या सदऱ्यासारखे झोपले. मी दोनदा हलवलं. "जागाच आहे," म्हणाले.

चाराला दहा मिनिटं कमी असताना त्यांना शिंक आली.

एकच शिंक, पण अंगावर आली. कंबरेत काहीतरी धरलं आणि तो ओरडला, "आई गं!" पुढे वाकला तो वाकलेलाच राहिला, नाक कपाटाला टेकवून. बक्कल पोटाखाली दबलं, पट्टा सुटेना; तुटेल म्हणावं तर दुहेरी टीप माझीच होती.

माझे दोन्ही हात माझ्या पट्ट्यावर गेले. सेहेचाळीस वर्षांचा असला म्हणून काय झालं? त्या हाकेला उठायचं नाही हे मला कुणी शिकवलेलं नाही. घड्याळात चाराला नऊ मिनिटं कमी. मी पट्टा काढलाच होता, तेवढ्यात कपाटाजवळून आवाज आला, "आई, उठू नकोस."

"गप्प बस. बघू दे मला कुठे..."

"उठू नकोस म्हणतोय ना. नऊ मिनिटं राहिलीत फक्त."

मी बसल्या जागेवरून हात बाजूला नेला आणि त्याची पाठ चोळत राहिले. लहानपणी ताप आला की चोळायची, तशी. नऊ मिनिटं म्हणजे फार असतात. चार वाजले तशी मी उठले, शिवणाची कात्री आणली, पट्टा कापला, मास्तरांनी खांदे धरले, ह्यांनी पाय, आणि चिरंजीवांना चटईवर उताणं घातलं. या सगळ्याला चार मिनिटं लागली. पाचव्या मिनिटाला मी खुर्चीत होते.

सूनबाईने डॉक्टरांना फोन केला. सहाची पाच मिनिटं चालून मी परत बसले, तोच ते आले. आधी त्यांनी मला तपासायला सुरुवात केली. मी म्हटलं, "मी नव्हे, खाली बघा." त्यांनी चिरंजीवांना दाबून-वळवून बघितलं आणि सांगितलं, कंबरेत उसण भरली आहे, तीन आठवडे सक्तीची विश्रांती, अर्ध्या तासाच्या वर बसायचं नाही. मग माझी पोटरी मोजली. साडेतेरा आणि वर दोन सूत, म्हणजे पाव इंच. "दोन सूत म्हणजे काहीच नाही," म्हणाले आणि फॉर्मवरचा आधीचा चार खोडून स्वतःच्या हाताने आकड्यात आणि अक्षरात तेरा लिहून सही केली, शिक्का मारला. "आता उठलात तरी चालेल, मावशी."

मी नाही उठले. सात वाजेपर्यंत बसले. मग पाच मिनिटं आणखी बसले, कारण ती पाच मिनिटं कंपनीची होती. मग उठले, स्वयंपाकघरात चालत गेले, आणि सगळ्यांसाठी चहा ठेवला. नळाला पाणी नव्हतं; पिण्याच्या माठातलं घेतलं.

आता राहिली सही. चारचौघं म्हणाला होता, प्रत्यक्षात सातजण होते, कारण नळवालाही पिशवी न्यायला परत आला होता. चिरंजीवांनी उताणं पडून सही करायला घेतली, पण वरच्या दिशेला पेन चालेना. पेन्सिल चालली असती, पण नियमात शाई होती. शेवटी डॉक्टर आणि नळवाल्याने त्याला हळूहळू पालथा केला, मास्तरांनी नकाशाची गुंडाळी उशाला दिली, तीवर फॉर्म ठेवला, आणि चिरंजीवांनी त्या सतरा तासांच्या नकाशावर तेरा तासांची सही केली. अक्षर वळणदार आलं. खोटं का बोला?

फॉर्म मी वाळेपर्यंत हातात धरला आणि मग पाकिटात, दोऱ्याजवळ ठेवला.

"आई," चटईवरून आवाज आला, "नीट जा. आणि मी दोन महिन्यांनी येतोच तुझ्या मागोमाग. तुला परत आणायला."

मी त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसले. त्याच्या अंगावरची चादर सारखी केली. मग डॉक्टर, मास्तर, समोरची, नळवाला, सगळ्यांना ऐकू जाईल, पण वाटावं की फक्त त्याच्यासाठी आहे, अशा बेताने आवाज खाली आणला. अगदी तो आणतो तसा.

"नको रे बाळा," मी म्हटलं, "एवढा लांबचा प्रवास तुला नाही झेपायचा. तुझं आता वय झालं."